पंगतीआधी हाळ घासायचा

मागच्या वर्षी दिवाळी उलटल्यावर मामेभावाच्या मळ्यात भरीत होतं, म्हणजे शेतातच वांगी भाजून घातलेली पंगत. जळगाव जिल्ह्यातला फैजपूर-यावल रस्ता सोडून आत गेलं की दोन्ही अंगांना केळी, मधे विहीर, विहिरीजवळ मोटारीची खोली आणि एक जुनं कडुनिंबाचं झाड. सगळा गोतावळा जमला होता. पंगत बसली, केळीची पानं मांडून झाली, आणि माझी भाचेसून कुठे दिसेना. चार महिन्यांचं बाळ घेऊन ती बांधाजवळ उभ्या असलेल्या गाडीत बसली होती. काचा वर, आतला दिवा लावलेला, बाळ मांडीवर. मी काचेवर टकटक केल्यावर तिने ती बोटभर खाली घेतली. "अगं ये ना बाहेर, पंगत बसली." "नको हो आत्या, केवढे डास आहेत बाहेर. याला चावले म्हणजे? मला इथेच द्या ना थोडं." मग तिचं ताट गाडीत गेलं आणि काच पुन्हा वर झाली. पुण्याहून ती भरितासाठी आली होती, खरं तर माणसांसाठी आली होती. लग्नानंतरचं तिचं हे पहिलंच भरीत, आणि तिने ते गाडीच्या मागच्या सीटवर, एका हाताने बाळ सांभाळत खाल्लं.

तिचं काही चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. गावात तापाचे पेशंट होते, जळगावातले दवाखाने भरलेले होते, आणि चार महिन्यांच्या बाळाची आई दुसरं करणार तरी काय? गाडीकडून परत येताना मात्र मोटारीच्या खोलीमागे सालदाराची खोपी दिसली. दोन खांबांना बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी, वरून एक विरलेला पदर टाकलेला, आत जवळजवळ तेवढंच बाळ. त्याची आई आमच्यासाठी आणलेल्या पातेल्यांना माती लावत होती. सातपुड्यातून कामाला आलेली पावरा आदिवासी कुटुंबं आमच्याकडे मळ्यामळ्यांतून राहतात; वर्षाचा साल ठरतो आणि बिऱ्हाड शेतातच येतं. आम्ही संध्याकाळपुरते आलो होतो. ते बाळ त्या डासांत रोज झोपत होतं.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

भरिताच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पऱ्हाट्या पेटतात. कापूस वेचून झाल्यावर उपटून ठेवलेली कपाशीची वाळकी झाडं, कडकडून पेटणारी. त्यांच्या जाळात बामणोदची वांगी टाकायची: फिकट हिरवी, हातात न मावणारी, आत बी कमी आणि गर जास्त. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इकडे कुणी वांगं हातात घेतं तेव्हा बघतं ते त्याचं देठ आणि वजन. साल काळी पडते, फुगते, कुठेतरी तडकते आणि तिथून रस गळून निखाऱ्यावर चर्र होतो. धूर पांढरा, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा. त्या तासाभरात जाळाच्या आजूबाजूला एक डास फिरकत नाही. पुरुष मंडळी काठ्यांनी वांगी उलटीपालटी करतात, पोरं मधेमधे करतात, बायका कांद्याची पात चिरत गप्पा मारतात, आणि सगळ्यांना वाटतं, यंदा डास नाहीत बरं का.

पऱ्हाटीचा जाळ जेवढा तेज, तेवढाच थोड्या वेळाचा. वांगी भाजून झाली की खाली राखच उरते. मग वांगी सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची, हिरव्या मिरच्या-लसणाची फोडणी, शेंगदाणे, पात, कोथिंबीर. यात तास जातो. कार्तिकात पावणेसहाला सूर्य बुडतो. म्हणजे माणसं सतरंज्यांवर मांडी घालून बसतात तेव्हा धूर संपलेला असतो, वारा पडलेला असतो आणि केळीच्या बागेतली ओल वर यायला लागलेली असते. डास आधी पायांना येतात. घोटा, पावलाची कड, मांडी घातल्यावर उघडा पडलेला पोटरीचा भाग. उजवा हात भरितात, डावा पायावर. बायका पदर, ओढण्या ओढून अंगठ्यांपर्यंत नेतात. कुणीतरी पानांच्या मधे अगरबत्ती खोचतं, कुणी कॉइल पेटवून सतरंजीच्या कडेला ठेवतं, एखादा मुलगा विजेची रॅकेट घेऊन तडतड करत पंगतीमागून फिरतो. कॉइलचा तो गोडसर, घशाला लागणारा वास भरितात मिसळला की माझी जेवणावरची वासना जाते. भरिताला पऱ्हाटीच्या धुराचा वास हवा, दुसऱ्या कशाचा नको.

खरं तर पंगत म्हणजे डासाला आवतणच. मादीला, कारण चावते ती फक्त मादीच. तिला अंड्यांसाठी रक्त लागतं, नराचं फुलांच्या रसावर भागतं. माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला लांबूनच कळतो, जवळ आल्यावर घामाचा वास आणि अंगाची ऊब कळते. तीस-पस्तीस माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, तिखट खाऊन घामेजलेली, हसणारी, बोलणारी. यापेक्षा सोपं तिला काय हवं?

माझ्या लहानपणी माणसांसाठी वेगळा धूर कुणी करत नव्हतं. धूर गोठ्यात व्हायचा. दिवेलागणीला आजोबा फुटक्या घमेल्यात दोन गोवऱ्या ठेवायचे, त्या धरल्या की वर कडुनिंबाचा ओला पाला. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसतं धुमसत ठेवायचं. ज्वाळा दिसली की ते तळहाताने पाला दाबायचे. बैल आपणहून धुराच्या बाजूला सरकून उभे राहायचे. त्यांचे डोळे गळत असायचे, पण शेपटी थांबलेली असायची. दिवसभर हलणारी शेपटी थांबते तेव्हा जनावर निवांत आहे, एवढं आम्हा पोरांना कळत होतं. त्या धुराच्या कडेलाच खाट टाकून आजोबा आणि शेजारचे दोघं-तिघं बसत. गप्पा गोठ्याजवळ होत, कारण धूर तिथे होता. पुढे कधीतरी वाचलं, की आपल्याकडच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास, अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस, माणसापेक्षा जनावराच्या रक्तावर जास्त जगतो. वाचल्यावर तो गोठा डोळ्यांपुढे आला. बैलांनी आमच्या वाटचं किती सोसलं असेल. आता बहुतेक घरांत गोठ्याच्या जागी गाडी उभी असते.

त्या धुराचं गुणगान करायला मन धजत नाही, कारण त्याच धुरात माझी आजी दम्याने गेली. गोवरीचा असो, पाल्याचा असो की कॉइलचा, धूर तो धूर. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं, की एक कॉइल पूर्ण जळताना जितके सूक्ष्म कण सोडते तितके ७५ ते १३७ सिगारेटी जळताना निघतात. उघड्यावर ते विरतात, बंद खोलीत छातीत जातात. म्हणून हल्ली घरात माझा धुराला विरोध असतो आणि मळ्यात मी तो जरा लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायला सांगते. मळ्यात घमेल्याचा धूर करणाऱ्या आमच्या नानांना हे पटत नाही. "धुरानं कोणी मेलं का बाई?" असं ते विचारतात. मी आजीचं नाव घेते. मग ते गप्प बसतात आणि घमेलं उचलून लांब ठेवतात.

उन्हाळ्यात मात्र डासांशी आमचं फार वैर नसायचं. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरुणं पडायची. भुसावळ-जळगावचं ऊन दिवसभर ४४-४५ अंशांनी भाजून काढी, पण रात्री दहानंतर वर वारा सुटायचा आणि त्या वाऱ्यात डासाला उडणं जमत नाही. डास फार हळू उडतो, ताशी दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही हळू. साध्या टेबल फॅनचा वारा त्याला पुरून उरतो. शिवाय आपला श्वास पांगतो, त्यामुळे त्याला माग लागत नाही. बाहेरच्या कार्यक्रमात डास रोखण्याच्या जेवढ्या युक्त्या मी पाहिल्या, त्यांत पंख्याइतकं खात्रीचं काही नाही, आणि सगळ्यात कमी वापरला जातो तोही पंखाच. लग्नाच्या मांडवात लावतात तेही माणसाच्या डोक्यावरून वारा जाईल असे. वारा लागायला हवा गुडघ्याखाली. सुवासिक मेणबत्त्या नुसत्या शोभेच्या. मोबाइलमध्ये न ऐकू येणारा आवाज वाजवून डास पळवायची जी अ‍ॅप्स असतात, त्यांनी एकही डास पळत नाही हे तपासून झालं आहे. निळ्या दिव्याच्या यंत्रात चिलटं, पतंग, पाकोळ्या जळतात, डास क्वचित. मलम चांगलं, पण लावलं तेवढ्याच जागेपुरतं, आणि नेमके घोटे राहून जातात.

हे सगळं झालं संध्याकाळचं. मला जास्त काळजी वाटते ती चार वाजताची.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस दिवसाचा डास आहे. सकाळी ऊन वर यायच्या आधी आणि दुपारनंतर, सूर्य मावळायच्या आधीचे दोन तास, या वेळांत तो जास्त चावतो. पायांवर पांढरे पट्टे, आवाज जवळजवळ नाही, मागून येऊन चावतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुधा क्युलेक्स. आपण अंधार पडला की सावध होतो, काचा वर करतो, कॉइल लावतो. कांद्याची पात चिरत झाडाखाली बसलेल्या बायकांना, सावलीत सतरंजीवर निजवलेल्या लेकरांना तोवर चावून झालेलं असतं. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली तेव्हा माझ्या मावशीला तो झाला. ताप आठवड्यात गेला, पण सकाळी उठल्यावर तिला भाकरी थापता येत नसे. बोटं मिटायची नाहीत. चुलीसमोर बसून ती गरम पाण्यात हात धरायची आणि एकेक बोट दुसऱ्या हाताने वाकवायची. तिचा मळा नव्हता, गोठा नव्हता. गावातलं पक्कं घर होतं आणि न्हाणीत सिमेंटची टाकी होती.

भुलाबाईचं काय झालं तेही याच सुमारास माझ्या ध्यानात आलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आम्ही मुली दिवेलागणीला निघायचो. एकीच्या अंगणातून दुसरीच्या अंगणात, टिपऱ्या घेऊन, गाणी म्हणत, शेवटी डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं. डबा हलवून वास घ्यायचा, कुणी पेढा म्हणायची, कुणी चिवडा. महिना असा, की पाऊस नुकता सरलेला, डबकी भरलेली, डासांचा ऐन हंगाम. फ्रॉकखाली पाय उघडे. आम्ही एका पायाने दुसरा पाय खाजवत गाणी म्हणायचो आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आता माझ्या गल्लीत भुलाबाई बसतात, पण एखाद्या घराच्या हॉलमध्ये, दार लावून, मशीन लावून. आया म्हणतात, डेंग्यू आहे, अंगणात नको. त्या आयांशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही. पण अंगण असं एकेक करून रिकामं होतं. सहा वाजता दारं लागतात. समोरासमोरच्या घरांतली माणसं दिवसेंदिवस एकमेकांना दिसत नाहीत. प्रत्येक खोलीत प्लगला लावलेलं एक छोटं यंत्र असतं आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीपुरता डास मारतो. बाहेरचा डास तसाच राहतो. तो कुणाच्या एकट्याच्या घरातला नसतो.

आणि तो येतो कुठून? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. खानदेशातल्या कितीतरी शहरांत आणि गावांत नळाचा वार ठरलेला असतो, आणि तो वारही पुढे ढकलला जातो. मग घरात ड्रम, टाक्या, हंडे, घागरी, बादल्या, जे असेल ते भरून ठेवतात. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. आशाताई दारोदार येऊन सांगतात आणि बॅटरी लावून ड्रममध्ये बघतात. सांगणं योग्यच आहे. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, उबेत हे सगळं आठ-दहा दिवसांत होतं. मधे एकदा पाणी ओतलं की साखळी तुटते. पण ज्या बाईला पुढचं पाणी कधी येईल ते माहीत नाही, ती भरलेला ड्रम कसा ओतेल? तिच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारणारी माणसं भेटली की मला राग येतो. तिच्या हातात एकच गोष्ट असते, झाकण. आणि बाजारात मिळणाऱ्या जुन्या ड्रमला नेमकं झाकणच नसतं.

भरिताच्या रात्री हात धुताना सालदाराने मला हाळ दाखवला. विहिरीजवळ जनावरांना पाणी प्यायला बांधलेला तो लांबट हौद. गुरं विकून झाली, हाळ राहिला. ठिबकचा कुठलासा जोड गळतो, तिथलं पाणी त्यात साचतं. त्याने मोबाइलचा उजेड तिरपा धरला. आधी मला नुसतं हिरवट पाणी दिसलं. मग पृष्ठभागाला उलट्या टांगलेल्या अळ्या दिसल्या, शेपटीकडची नळी वर, डोकं खाली, शेकडो. त्याने पाण्याला बोट लावलं तशा सगळ्या एकदम वळवळत तळाला गेल्या. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने एकेक करून श्वास घ्यायला वर आल्या आणि पुन्हा टांगून राहिल्या. हाळापासून पंगत वीस पावलांवर, आणि झोळी त्याहून जवळ. बाजूला ट्रॉलीचे दोन जुने टायर पडले होते, त्यांतही पाणी. सालदाराची बायको ताटं घेऊन आली होती. मी तिला म्हटलं, "बाळाला मच्छरदाणी आणते मी उद्या." तिने ताटं खाली ठेवली. "आणा ताई. पण आमच्या प्यायच्या टाकीला झाकण आणा आधी. तिथूनच निघतात."

तिचं म्हणणं खरं होतं. त्यांच्या पिण्याचं पाणी निळ्या ड्रममध्ये असायचं, वर पोत्याचा तुकडा. त्या पोत्याची कड पाण्यात लोंबत होती.

मच्छरदाणी दुसऱ्या दिवशी गेली. झाकणाला वेळ लागला, कारण त्या मापाचं कुठे मिळेना. शेवटी सावद्याला पत्रा कापून करून घेतलं. एका बाजूला ते जरा उचललेलं राहतं, म्हणून खाली जुन्या धोतराचं दुहेरी फडकं ताणून बांधायचं आणि वर झाकण दाबायचं, असं तिनेच ठरवलं. तेवढं नीट बसतं. विहिरीत आणि हौदात गप्पी मासे सोडले. हिवताप विभागाकडून मिळतात, अळ्या खातात आणि आपोआप वाढतात. टायर उचलले. ठिबकचा जोड अजून थेंबथेंब गळतोच.

यंदाचं भरीत मार्गशीर्षात आहे आणि मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. हाळ आठ दिवस आधी रिकामा करायचा आणि काथ्याने घासायचा. नुसता ओतून भागत नाही, कारण एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटवते; ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. पंगत पाच वाजता, उजेडात. पायांत मोजे, अंगात फिक्या रंगाचे लांब बाह्यांचे कपडे, आणि हे दुपारी येतानाच. मांडववाल्याकडून दोन उभे पंखे, पण ते खाली वाकवून, गुडघ्याखाली वारा जाईल असे. मळ्यात सिंगल फेज वीज असेल-नसेल, म्हणून इन्व्हर्टर भाचा आणणार आहे. पऱ्हाट्या विझल्या की घमेल्यात गोवरी आणि निंबाचा पाला, पंगतीपासून लांब, नानांच्या ताब्यात. कडुनिंबाच्या खालच्या फांदीला दोन झोळ्या, दोन्हींवर मच्छरदाणी. माझी भाचेसून येते आहे, बाळ आता चालायला लागलं आहे. त्याच्यासाठी झोळी असली तरी तो तिच्यात राहील असं वाटत नाही, तेव्हा त्याच्या पायांना मलम लावायला विसरायचं नाही. सालदाराची बायको यंदा भांड्यांना बसणार नाही, पंगतीला बसेल, हेही मामेभावाशी बोलून झालं आहे.

मी शनिवारी सकाळीच हाळ घासायला जाते आहे. निदान दोघांनी तरी यावं. काथ्या आणि फावडं मळ्यावर आहे, बादल्या घेऊन या.